गिरणीवरच्या आपा

शमीमआपा कानात सांगायची गोष्टसुद्धा ओरडून सांगत. मुस्लिम बायकांना घरगुती खटल्यांत फुकट मदत करणारं त्यांचं केंद्र घाटकोपरला एका पिठाच्या गिरणीच्या माळ्यावर होतं, त्यामुळे दुसरा इलाजच नव्हता. मी बोरिवलीच्या शांत सोसायटीतून आलेली नवी वकील. पहिल्या दिवशी मी माझं नाव तीनदा सांगितलं, तरी त्यांना ऐकू गेलं नाही.

"आवाज बोरिवलीलाच ठेवून आलीस काय गं?" आपा म्हणाल्या.

आमच्या प्रत्येक कागदावर पीठ असे. एकदा न्यायाधीशांनी अर्ज उघडला आणि त्यांना शिंका सुटल्या. आपांनी गंभीरपणे सांगितलं, "साहेब, ताजं दळलंय." मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. आपांना मात्र गिरणीचा अभिमान होता. तलाक, मेहेर, सवत असलं काही बोलताना बायकांचा आवाज खाली जाई. मग आपा म्हणत, "बिनधास्त बोल. खाली गिरणी चालू आहे."

आमची एक अशील, नसरीन, आजारी आईला भेटून परत आली, तर नवऱ्याने खोलीचं कुलूप बदललेलं. ती लेकीला घेऊन भावाच्या स्वयंपाकघरात झोपत होती. तिला फक्त आपल्या खोलीत परत जायचं होतं. नवरा इक्बाल मात्र कोर्टात सांगत होता की ती स्वतःहून घर सोडून गेली. आमच्याकडे पुरावा काहीच नव्हता.

आपांनी इक्बालला समजुतीसाठी बोलावलं. तो आधी गोड बोलत होता, पण गिरणीमुळे आपांना त्यातलं काही ऐकू येईना. त्या पुन्हा पुन्हा "काय?" विचारत राहिल्या. शेवटी तो चिडला आणि बेंबीच्या देठापासून ओरडला. नेमकी तेव्हाच वीज गेली आणि गिरणी थांबली.

"हां, मैंने ही ताला बदला! क्या कर लोगे?"

खाली दळणाच्या रांगेतल्या सगळ्या माना वर वळल्या. मग बाजरीचा डबा कमरेवर घेऊन एक मालवणी काकू जिना चढून वर आल्या.

"मी आयकलंय," त्या इक्बालकडे बघत म्हणाल्या. "साक्ष खंय देवची, ता सांगा."

त्यांच्यामागे सगळी रांग जिन्यावर उभी होती. इक्बालने तारखेची वाट न बघता नसरीनला नवी किल्ली दिली. पुढे कोर्टाकडून तिच्या राहण्याचा हुकूमही आम्ही पक्का करून घेतला. आपा त्या दिवसापासून वीज कंपनीला आपली ज्युनिअर म्हणत.

गेल्या वर्षी आपा गेल्या. त्याआधी मी त्यांना इस्पितळात भेटले. गिरणीने त्यांचे कान पार नेले होते आणि आजाराने आवाजही. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि जन्मात पहिल्यांदा कुजबुजल्या, "नसरीन आहे ना गं, त्याच खोलीत?"

मी हळूच "आहे" म्हटलं. त्यांना ऐकू गेलं नाही. पुन्हा म्हटलं, तरी नाही. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग मी सगळी ताकद लावून ओरडले, "आहे, आपा! त्याच खोलीत आहे!"

अख्खा वॉर्ड दचकला. नर्स मला बाहेर काढायला धावत आली. आपांनी समाधानाने डोळे मिटले आणि म्हणाल्या, "आला गं तुझा आवाज बोरिवलीहून."