उलटं वाचणारे भावजी

या, अशा जवळ येऊन बसा. दारातूनच "कशा आहात" विचारून पळायची ही कुठली रीत? आणि हातात तो कागद कसला? न वाचताच सही ठोकलीत ना? सगळे मेले असेच तुम्ही. खालच्या बारीक अक्षरांकडे ढुंकून बघायचं नाही. आमच्या भावजींनी पाहिलं असतं तर पट्टी मारली असती बोटांवर.

लाकडी पट्टी होती त्यांच्याकडे. ती ते कागदाच्या अगदी तळाशी लावायचे आणि तिथून वाचायला लागायचे. शेवटचा शब्द आधी, मग त्याच्या मागचा, मग त्याच्याही मागचा, असं सरकत सरकत वर पहिल्या ओळीपर्यंत. मी एकदा हसले, तर म्हणाले, "वहिनी, अर्थ मधे आला की डोळा फसतो. उलटं वाचलं की अर्थ बाजूला होतो, नुसतं अक्षर उरतं."

इथं इंदूरला सियागंज बाजाराच्या मागच्या गल्लीत माझं टायपिंगचं दुकान. मी आठवी पास. हे गेल्यावर आधी बोटं शिकली, मग बोटांमागून थोडंफार इंग्रजी आलं. भावजी ह्यांचे दोस्त, बँकेत परदेशी व्यापाराच्या टेबलावरून रिटायर झालेले. घरी करमेना म्हणून माझ्याकडे येऊन बसायचे आणि छोट्या व्यापाऱ्यांचे एक्सपोर्टचे कागद तपासून द्यायचे. फीस काय, तर एक कट, म्हणजे अर्धा कप चहा.

आता तुम्ही विचाराल, त्यात तपासायचं काय एवढं? सांगते. समजा, तुम्ही इंदूरहून माल पाठवलात समुद्रापलीकडच्या माणसाला. तुम्ही त्याला ओळखत नाही, तो तुम्हाला. मग त्याची बँक मधे पडते आणि लिहून देते, की ठरलेले कागद बिनचूक आणा, पैसे मी देते. या वचनाला एलसी म्हणतात. बँक काही गोणी उघडून बघत नाही, ती बघते कागद. एक टिंब इकडचं तिकडे झालं की गठ्ठा परत.

म्हणून भावजींचा दरारा. कागद टेबलावर असताना मला कचोरी खाऊ द्यायचे नाहीत. "तेलाचा डाग पडला तर परदेशातला साहेब म्हणेल, हा शब्द कोणता?" आणि एकदा का पट्टी वरपर्यंत पोचली, की मान हलवून म्हणणार, "स्वच्छ!" तो शब्द ऐकून व्यापारी अर्धे पैसे मिळाल्यासारखे हसायचे.

माझ्या धाकट्याच्या लग्नाची पत्रिकाही अशीच वाचली त्यांनी, आप्तेष्टांपासून श्रीगणेशापर्यंत. स्वच्छ म्हणाले. छापली, आमच्या अर्ध्या परदेशीपुरा मोहल्ल्यात वाटली, तेव्हा कळलं की तारीख रविवारची आणि वार छापलाय शुक्रवार. निम्मे लोक शुक्रवारी अहेर घेऊन दारात! मी भडकले, तर म्हणतात कसे, "पण वहिनी, 'शुक्रवार'मधलं अक्षर चुकलंय का?" किती हसलो होतो आम्ही.

नंतर हसू आलं नाही.

जवळच्या बेटमा गावचा एक पोरगेला माणूस यायचा. सोयाबीनचं तेल काढल्यावर जी पेंड उरते, ज्याला आम्ही इकडे खली म्हणतो, कोंबड्यांचं खाणं, तिचा छोटा कारखाना होता त्याचा. पहिल्यांदाच माल बाहेर धाडत होता. हातात परदेशी बँकेची एलसी, आणि चेहऱ्यावर अशी भीती, की जणू पोरगी सासरी पाठवतोय.

"बाबूजी, भेज दूँ?"

भावजींनी पट्टी तळापासून वर नेली. शेवटच्या ओळीपासूनच तर सुरुवात केली होती हो त्यांनी! मान हलवली. "स्वच्छ. कागद स्वच्छ तर पैसा येणारच. भेज भिया, मैं बोल रहा हूँ ना."

माल गेला. कागद गेले. तिकडच्या बँकेला एक चूक सापडली नाही. आणि माल बोटीवर असतानाच तिसऱ्याच एका देशानं माल घेणाऱ्याच्या देशावर निर्बंध घातले. आपलं त्यांचं काही भांडण नाही. पण पैसा डॉलरचा, तो त्या तिसऱ्या देशाच्या बँकेतून फिरून येणार. तिनं हात वर केले. भावजी सांगायचे, खाण्याच्या मालाला बंदी नसते, कायद्यात सूट असते. असेल. पण घाबरलेली बँक कुठली सूट वाचते? संदेश आला, कागद बरोबर आहेत, निर्बंधांमुळे पैसे देता येत नाहीत.

कागद बँकेत अडकले. कागदाशिवाय तिकडे माल सोडवता येईना. बंदराच्या दमट हवेत खलीला बुरशी चढली.

त्या दिवशी भावजींनी एलसी पुन्हा मागितली. पट्टी घेतली नाही. डावीकडून उजवीकडे, पहिलीतल्या मुलासारखं बोट ठेवून शेवटची ओळ वाचली. हल्ली सगळ्याच एलसींवर असते ती, छापील. कोणी वाचत नाही. वर दिलेलं वचन ती ओळ खाऊन टाकत होती. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "वहिनी, अक्षर एकही चुकलेलं नाही हो."

चहा मागवला. तो तसाच राहिला.

मग बँकेला पत्रं सुरू झाली. ते सांगायचे, मी टाईप करायची. उत्तर एकच, तपासणी चालू आहे. तीनदा बेटम्याला जाऊन आले. तिसऱ्यांदा आले ते उन्हानं काळवंडून. म्हणाले, "कारखाना दुसऱ्याला चालवायला दिला त्यानं. स्वतः तिथंच काट्यावर बसतो, वजनं लिहितो. मला बघून खुर्ची पुसून दिली, वहिनी. शिवी तरी द्यायची. चहा पाजतो मेला!"

त्यानंतर ते बेटम्याला गेले नाहीत. हळूहळू दुकानातही येईनासे झाले. मी घरी जायची, तर भिंतीकडे तोंड करून पडलेले. "मी बोललो म्हणून पाठवलं ना त्यानं," एवढंच. थंडीत गेले. सकाळी उठलेच नाहीत.

तेरावं झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी बेटम्याचा माणूस दुकानात आला. खिशात त्या एलसीची घडी पडून मऊ झालेली नक्कल. त्याला काही माहीत नव्हतं. मी सांगितलं तसा बाकावर बसला. म्हणाला, बाबूजींना माझ्यासमोर शरम वाटते, म्हणून मीच येत नव्हतो. कशाला त्यांना अजून मान खाली घालायला लावायची?

मग कागद पुढे केला. "दीदी, ये आखिरी लाइन में लिखा क्या है? किसी ने सीधे-सीधे बताया नहीं कभी."

मी सरळ वाचून सांगितलं, की कुठल्या सरकारनं मना केलं, तर बँक वचन पाळायला बांधील नाही.

"बस? इतना ही?" कागदाची पुन्हा घडी घातली. "ये तो मैं पहले पढ़ लेता, तब भी भेजता. बाबूजी बोले थे ना. मैंने कागज पे थोड़ी भेजा था, दीदी."

हेच, अगदी हेच वाक्य भावजींच्या कानावर पडायला हवं होतं हो. बेटमा काय लांब आहे? बसनं तासाभराचा रस्ता. दोघंही एकमेकांचा जीव जपत घरी बसले.

तर आता उठू नका लगेच. आणि गेलात तरी पुढल्या खेपेला वर्ष लावू नका. काही सांगायचं असो वा नसो, याच आठवड्यात या.