बाबांचं शेवटचं जोतं

आमचं घर चाकांवर होतं तोवर कुणाच्या डोळ्यांत खुपलं नाही. लकव्याने बाबांची उजवी बाजू गेली आणि बावधनची दुसऱ्या मजल्यावरची भाड्याची खोली त्यांना तुरुंग झाली. म्हणून मी ताम्हिणीच्या रस्त्याला जमिनीची तीन गुंठ्यांची अरुंद पट्टी घेतली आणि तिथे एका खोलीचं, पत्र्याचं, चाकांवरचं घर आणून उभं केलं. जमीन विकणारे काका शेजारीच राहतात. ते म्हणाले होते, "चाकं हायेत तवर ती गाडी हाय. कुनी इचारत न्हाई."

पण पावसाळ्यात वाऱ्याने घर हलायचं आणि बाबा खाटेची कड धरून बसायचे. जन्मभर गवंडीकाम केलेला माणूस. "जोतं न्हाई त्ये घर न्हाई, पोरी," हे त्यांचं पालुपद. शेवटी पाऊस सरल्यावर मी चाकं भंगारात दिली, दगडी जोतं घालून घेतलं आणि क्रेनने घर त्यावर बसवलं. पुढे व्हीलचेअरसाठी उतारही केला. बाबांनी डाव्या हातात बांधकामाचा सरळपणा बघायचा दोरीचा ओळंबा धरून, मजुरांना शिव्या घालत सगळं करवून घेतलं. लकव्यानंतर इतके खुशीत ते कधीच नव्हते. माझी अक्कल कुठे गहाण पडली होती कोण जाणे!

महिनाभरात नोटीस आली. अनधिकृत बांधकाम, स्वतःहून पाडा.

नोटीस काढणाऱ्या सरकारी साहेबांपुढे मी रडले, मग भांडले. त्यांनी पेन्सिलीने कागदावर माझी पट्टी काढून दाखवली. मुळात एवढ्या तुकड्याला परवानगी नाही. मिळाली असती तरी चारी बाजूंची नियमाची जागा सोडल्यावर मधे बाबांची खाटही मावत नव्हती.

"मॅडम, चाकांवर असेल तर तूर्त आम्ही बघितलं नाही. जोतं मात्र फोडा. आमचा जेसीबी आला तर तो घरही ठेवणार नाही."

मला त्या पेन्सिलीचे तुकडे करावेसे वाटले. पण घर गेलं तर बाबांना घेऊन जाणार कुठे? मी मुकाट्याने नवी चाकं आणली.

क्रेनने घर बाजूला घेतलं. बाबांना काकांच्या अंगणात बसवलं आणि मी म्हणाले, "बाबा, जोत्यात पाणी मुरतंय. थोडी दुरुस्ती आहे."

"गवंड्याला शिकवती व्हय?" त्यांनी आपला ओळंबा मांडीवर घेतला.

दोघे मजूर दुपारपर्यंत घण मारत होते. जोतं काही फुटेना. शेवटी बाबाच ओरडले, "मधी मारून काय व्हनार? डाव्या कोपऱ्यातनं काढा. तितला दगड शेवटी बशिवलाय."

तिसऱ्या घावाला तो दगड सुटला. बाबांनी मांडीवरचा ओळंबा दोरीत गुंडाळला आणि माझ्यापुढे धरला.

"ठेव. आता लागायचा न्हाई."