देसलेसाहेब आणि कुंपणातली फट

मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत मी मधुकरराव देसले यांना पहिल्यांदा भेटले, ते नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. इंग्रजी पत्रव्यवहाराच्या नोकरीसाठी आले होते. साहेबांनी माझी प्रमाणपत्रं बाजूला ठेवली आणि मला कारखान्यामागच्या तारेच्या कुंपणापाशी नेलं. तिथे माणूस जाईल एवढी फट होती.

"बाई, आपला कारखाना इथे संपत नाही," ते म्हणाले. "एवढं समजून घ्या, मग पत्रं लिहा."

साहेब छोटे ट्रान्सफॉर्मर बनवत. फटीपलीकडच्या शेडमध्ये सर्किट बोर्ड तयार होत, त्यापुढे पत्र्याच्या पेट्या. मालक तीन, पण एखादा बोर्ड बिघडला की आमच्याकडे तार गुंडाळणाऱ्या सुमनताई तो घेऊन फटीतून जात आणि दहा मिनिटांत दुरुस्त करून आणत. एका शेडमध्ये सुचलेली युक्ती दुपारच्या चहापर्यंत तिन्ही शेडमध्ये पोचे. आलेल्या पाहुण्यांना साहेब सांगत, "ही कामं मिळतात ती शेजारामुळे." स्वतःचं श्रेय त्यांनी कधी घेतलं नाही.

मग असे सगळे कारखाने पुण्याजवळ एकवटू लागले. पेट्यावाले गेले. बोर्डवालेही निघाले, जाताना म्हणाले, "देसले, चला. गिऱ्हाईक तिकडे, कारागीर तिकडे. इथे एकटे काय करणार?"

साहेबांनी ट्रान्सफॉर्मरची तार गुंडाळणाऱ्या अकराजणींना विचारलं. आसपासच्या गावांतल्या बायका त्या.

"तुमी जा, साहेब," म्हसा गावच्या सुमनताई म्हणाल्या. "आमी नाय येनार. भात कोन लावल?"

"आन् साहेब तिकडं काय करतील गो?" दुसरी म्हणाली. "त्यांना तार गुंडालता कुटं येते?"

सगळ्या हसल्या. साहेबही हसले, आणि राहिले.

पुढे दहा मिनिटांच्या कामाला दोन दिवस लागू लागले. पुण्यात निघालेली नवी पद्धत आमच्यापर्यंत येईतो जुनी झालेली असे. कामं आटत गेली. पलीकडची शेड रिकामी होती, तरी साहेब दर शनिवारी विळा घेऊन फटीवरच्या वेली छाटत. मी खिडकीतून बघत असे.

कारखाना बंद करण्याआधी साहेब एकेकीला घेऊन दुसऱ्या कारखान्यांचे उंबरे झिजवत होते. दहाजणींना काम मिळालं. बारीक तारेवर वर्षानुवर्षं काम करून सुमनताईंची नजर अधू झाली होती. त्यांना कुणी घेतलं नाही. शेवटच्या दिवशी साहेबांनी मला विचारलं, "बाई, मी पुण्याला गेलो असतो तर निदान कारखाना वाचला असता. इथे राहून मी सुमनताईंचंही भलं केलं नाही. चुकलो का मी?" मी मान खाली घालून टाइप करत राहिले.

त्यानंतर साहेब म्हसा गावाच्या बाजूला गेलेले नाहीत. सुमनताईंना तोंड कसं दाखवू, म्हणतात.

साहेब, आज तुमच्या पंचाहत्तरीला तरी त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला हवं. धंदा म्हणून तुम्ही चुकलात. शेजार गेल्यावर कारखाना टिकत नाही, हे तुम्हीच मला पहिल्या दिवशी दाखवलं होतं. पण तुम्ही कुणासाठी थांबलात, हे त्या अकराजणी विसरलेल्या नाहीत. गेल्या महिन्यात मी सुमनताईंकडे जाऊन आले. त्या म्हणाल्या, "साहेबांना सांग, आमच्या म्हशाच्या जत्रंला या. मला आता दिसत नाय, पन आवाज वलखन मी."

तेव्हा साहेब, प्रकृती सांभाळा, खूप जगा, आणि यंदा जत्रेला चला. मी बरोबर येईन. सुमनताईंच्या दारातून हाक मात्र तुम्हीच मारायची.