ताईच्या अकरा तक्रारी

माझी ताई चार वर्षं अंथरुणाला खिळलेल्या बाबांचं सगळं एकटीनं करत होती. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठीला जखम झाली का बघायचं, भरवायचं, चादरी धुवायच्या. मी दुसऱ्या शहरात, व्हिडिओ गेम तपासायच्या नोकरीत. दर रविवारी फोन करून 'काळजी घे' म्हणायचं कर्तव्य मात्र मी न चुकता बजावत होतो.

आमच्या कंपनीचा नवा गेम संसाराचा होता. घर बांधायचं, त्यात माणसं वसवायची, त्यांच्या नोकऱ्या, लग्नं सगळं आपणच बघायचं. ताईचा जीव रमेल म्हणून तो तिला पाठवला आणि वर आगाऊपणे सांगितलं, की काही खटकलं तर लिहून कळव.

तिनं गेममध्ये आमचंच घर उभं केलं. महिन्याभरानं वहीच्या पानाचा फोटो आला. गेममधले बाबा जेवता जेवता एका क्षणात गेले, मुलगी दोन दिवस रडली आणि तिसऱ्या दिवशी नाचायला गेली, यावर ताई भलतीच भडकली होती. म्हातारं माणूस अंथरुणाला का खिळत नाही? चादरी आपोआप कशा स्वच्छ होतात? मुलीला बापाचा राग का येत नाही, आणि राग आल्यावर स्वतःची लाज का वाटत नाही? अशा अकरा तक्रारी होत्या. शेवटची होती: 'भाऊ फोन करतो, पण त्याला घरी बोलवायचं बटण सापडत नाही.'

दुसऱ्या कुणालाही कळलं असतं. मी पडलो तपासनीस. प्रत्येक तक्रारीला नंबर देऊन ती ऑफिसच्या यादीत चढवली. अकरावी तर जातीनं तपासली. बटण फोनच्या चित्राखालीच होतं. दाबलं, भाऊ आला. मी शेरा मारला, 'दोष नाही.'

बाकीच्या दहा साहेबांनी एका बैठकीत निकालात काढल्या. लोक दमूनभागून खेळायला बसतात, त्यांना आणखी आजारपण कशाला, असं त्यांचं म्हणणं. रविवारी मी ताईला सगळं सांगितलं आणि ते बटण कुठे आहे तेही सांगितलं.

ती म्हणाली, "आहे होय? मला वाटलं, नसेलच."

फोन ठेवला आणि माझी मलाच शरम वाटली. इतकी, की दुसऱ्या दिवशी रजा टाकून घरी गेलो.

बाबांची कूस कशी बदलायची ते तिनं दाखवलं. पहिल्यांदा माझ्याकडून त्यांचा हात अंगाखाली अडकला, ते कण्हले. ताईनं शांतपणे तो सोडवला आणि पुन्हा करायला लावलं. तिसऱ्या खेपेला जमलं. मी म्हटलं, आता संध्याकाळपर्यंत मी बघतो, तू बाहेर जाऊन ये.

तिनं केस विंचरले, साडी बदलली, चपला घातल्या. दार उघडलं आणि उंबऱ्यातच थांबली.

"अरे," ती म्हणाली, "पण कुठे जाऊ?"