बोडीवरचा तिसरा होल

भांडण सुरू झालं ते बाईच्या खांद्यावरून. तोपर्यंत आमचं गोल्फ मजेत चाललं होतं.

हो, गोल्फच. आसगावच्या आमच्या धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भाताच्या खाचरांत. ज्यांना हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्यावं, पुढे मला थांबायला वेळ नाही.

माझा भाऊ, म्हणजे दादा, जवाहरनगरला क्वार्टरमध्ये राहतो. त्याच्या शेजारच्या साहेबांची बदली झाली तेव्हा त्यांनी नको असलेलं सामान वाटून टाकलं. कोणी कूलर नेला, कोणी सोफा नेला, आणि आमचा दादा चार काठ्या आणि पिशवीभर चेंडू घेऊन घरी आला. वहिनी कितीतरी दिवस त्याच्याशी धड बोलत नव्हती. पण डिसेंबरात धान निघालं, बांध्या मोकळ्या झाल्या, सुट्टीत आम्ही सगळे शेतावर जमलो आणि त्याने ती पिशवी उघडली. संध्याकाळपर्यंत वहिनीसकट सगळ्यांना वेड लागलं होतं. वहिनी तर काठी सोडायला तयार नव्हती.

पहिले दोन होल दादाने केले. होल म्हणजे जमिनीत पुरलेला रंगाचा रिकामा डबा आणि शेजारी बांबूला बांधलेली चिंधी. चिंध्या माझ्याकडच्या, पवनीला माझं शिलाईचं दुकान आहे, चिंध्यांना तोटा नाही. दादाचे दोन्ही होल नाकासमोर सरळ आणि लांबच लांब. कमी फटक्यांत चेंडू डब्यात घालेल तो जिंकला. दादाचे हात लांब, फटका त्याहून लांब, तेव्हा जिंकायचं कोणी हे ठरलेलंच होतं. जिंकला की तो काठी खांद्यावर टाकून असा चालायचा की मला त्याला धसकटात ढकलावंसं वाटायचं.

बाई आमची थोरली बहीण. तिला बपेऱ्याला दिलेली, म्हणजे जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. साठी ओलांडली आहे. लहानपणी ती दगड मारून बोरं पाडायची आणि मी खाली फ्रॉकचा ओचा धरून उभी राहायची. तिचा नेम कधी चुकला नाही. पण मागच्या वर्षी तिचा उजवा खांदा धरला तो धरलाच. हात वर जातच नाही. तिचा चेंडू दोन बांध्यांपलीकडे जात नव्हता. जायचा मात्र बरोबर तिने बघितलं तिथे.

सगळे डाव हरली तेव्हा दादाला दया आली. मनाने तो चांगलाच आहे. म्हणाला, "बाई, तू अर्ध्यातून मारत जा. तुले तेवढी सूट."

बाईने काठी धुऱ्यावर, म्हणजे दोन बांध्यांमधल्या बांधावर, ठेवली. "मले सूट नको. सूट घेऊन खेळाचं त मी चहाच ठेवते ना." आणि मोहाच्या झाडाखाली तीन दगडांची चूल मांडून बसली. जाता जाता म्हणाली, "तुम्ही खेळा बापा. मी उद्या सकाळची बस धरते."

मला ते बघवेना. खांदा धरल्यापासून मी तिला प्रत्येक लग्नात, प्रत्येक कार्यात अशीच कडेला बसलेली बघत होते. बाई, तुम्ही राहू द्या. बाई, तुम्ही बसा. आणि आता भावाच्या शेतातही तेच. माझं डोकं सटकलं.

"दादा, तुझे होल बरोबर नाहीत."

"काहून? जागा एक, डबा एक. याच्याहून सारखं काय राहते?"

"एकाच मापाचे ब्लाउज शिवून सगळ्या गावाले वाटले, तेही सारखंच झालं. घालून दाखव म्हणा कोणाले."

"मंग सोपा करू का होल?"

"सोपा नाही. कठीणच पाहिजे. पण तुले पण कठीण पाहिजे. तुझ्या होलमध्ये तुले विचार करा लागते का कधी? नुसतं बदडत सुटतोस."

वहिनी मध्ये पडली. म्हणाली, "तूच कर न व एक. बोलून कायले राहिली?"

झालं. मी हो म्हणून बसले. दादाची अट: नशिबाचा खेळ नको, कुठे लपवलेला खड्डा नको, जे आहे ते उभं राहतो तिथून दिसलं पाहिजे. बाईची अट चुलीपासूनच आली: जागा एक, मोजणी एक. तसा होल जमला तर ती खेळेल. नाही जमला तर सकाळची बस.

आता आमची बोडी सांगायला हवी. बोडी म्हणजे लहानसा तलाव. तिची मातीची पाळ विळ्यासारखी वाकलेली आहे. आत पाणी, बाहेरच्या अंगाला खाली खाली उतरत गेलेल्या बांध्या. पाळीच्या एका टोकाला ते मोहाचं झाड, दुसऱ्या टोकाच्या पायथ्याशी आमचं खळं. मळणीयंत्र आल्यापासून खळ्याला कोणी विचारत नाही. मी झाडाखाली उभी राहून खळ्याकडे बघत होते आणि एकदम अंगावर शहाराच आला. सरळ मारलं तर पाण्यावरून, एका फटक्यात खळं. पाण्याची भीती असेल तर पाळीच्या बाहेरून, बांधी बांधी करत, लांबून. दोन वाटा आणि दोन्ही दिसतात. बाप्पा, मला तर नाचावंसं वाटलं.

पण लांबून जाणारा जास्त फटके खाणार, मग त्याच्यासाठी काय? खळं जसं होतं तसं सोडलं तर पाण्यावरून मारणाराच जिंकणार, म्हणजे पुन्हा दादाच. मी शेण-माती कालवली आणि खळं सारवायला घेतलं. हात चालत होते, डोकं त्याहून जोरात चालत होतं. सारवण सुकल्यावर पाळीकडच्या कडेला तांब्याभर पाणी ओतून बघितलं. पाणी कुठे रेंगाळलं नाही. सरळ खाली, तणसाच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, ढिगाकडे पळत गेलं. खळ्याला उतार होता. नेहमीच होता, त्याच्यावर आम्ही लहानपणी नारळ सोडून शर्यती लावलेल्या.

म्हणजे पाण्यावरून उडत आलेला चेंडू खळ्यावर पडणार आणि उतारावरून धावत तणसात जाणार. आणि बाहेरून, खालच्या अंगाने आलेला चेंडू चढावर येणार, हळू होणार, थांबणार. ताकद एका वाटेने आणि नेम दुसऱ्या वाटेने. मी खळ्याच्या मधोमध डबा पुरला, तांबड्या खणाची चिंधी लावली आणि हात धुतल्याशिवायच सगळ्यांना हाका मारत सुटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दव उडाल्यावर सगळे झाडाखाली उभे राहिलो. बाईची पिशवी भरून तयार होती, झाडाला टेकवलेली. तिकडे बघायचं नाही असं मी ठरवलं होतं आणि तिकडेच बघत होते.

दादाने पाण्याकडे बघितलं, बाहेरच्या वाटेकडे बघितलंच नाही. फटका मात्र काय मारला. चेंडू बोडीवरून असा गेला की पाण्यातल्या बगळ्यानेही मान वर केली. पाळीचं टोक ओलांडून खळ्यावर टप्पा पडला, दादाने दोन्ही हात वर केले, आणि चेंडू उतारावरून धावत जाऊन तणसात दिसेनासा झाला.

दादाचे हात वरच राहिले. मग तो माझ्याकडे वळला. "हे बरोबर नाही. चांगल्या फटक्याले सजा देऊन राहिली तू."

"खळ्याले उतार आहे हे तुले मालूम नव्हतं? नारळ कोण सोडत होतं?"

"फटका चांगला होता."

"लांब होता," मी म्हटलं. "चांगला तेव्हा म्हणू जेव्हा थांबेल."

वहिनी फिसकन हसली. दादा हसला नाही. तो उभा राहून खळं बघत होता. दोन दिवसांत पहिल्यांदा तो होलकडे बघत होता.

मग बाई. तिने पाण्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. कमरेतूनच काठी हलवली, चेंडू पाळीवरून उतरून पहिल्या बांधीत बरोबर मधोमध. वहिनी टाळ्या वाजवायला लागली. दुसरा फटकाही सरळ, नेमका, आणि धुऱ्याला थडकून मागे आला. तो धुरा बाकीच्यांपेक्षा वीतभर उंच होता आणि मी सगळा वेळ खळ्याच्या नादात होते.

"बाई, थांब," मी म्हटलं. "हा पुन्हा मार. तो धुराच—"

तिने माझ्याकडे असं बघितलं की मी वाक्य गिळलं. "धुरा लपला होता का? मले दिसत होता. मी कमी मारला." आणि पुढचा फटका धुऱ्यावरून निघाला. त्याच्या पुढचा खळ्यावर चढला, हळू झाला, थांबला. डब्यापासून हातभर. मी मनात केलेला तो होल माझ्या डोळ्यांसमोर खरा होऊन उभा होता, आणि माझे पाय जमिनीवर ठरत नव्हते. बाईने चेंडू अलगद आत ढकलला. पाच फटके.

दादा तणसात गुडघाभर. पहिल्यांदा काठी मारली तर नुसतं तणस उडालं, वहिनी म्हणाली, गुरांना घालते तसं घालून राहिला. पुढच्या फटक्याला चेंडू बाहेर आला आणि चढावर येऊन डब्यापासून दोन पावलांवर थांबला. तीन झाले. हा आत गेला तर दादा जिंकला. चुकला तर बरोबरी, आणि बरोबरी झाली तर बाई राहील, असं मला वाटत होतं.

आम्ही सगळे खळ्याभोवती गोळा झालो. दादा चेंडूवर वाकला. त्याने एकदा बाईकडे बघितलं, एकदा झाडाजवळच्या पिशवीकडे बघितलं, आणि त्याच्या मनात काय आलं ते मला स्वच्छ कळलं. लहानपणी कॅरममध्ये मला रडू येईल म्हणून तो राणी अशीच सोडायचा. त्याने काठीचं तोंड हळूच वाकडं केलं. खरं सांगते, मलाही तेच हवं होतं.

बाई पुढे आली. डब्याच्या अगदी जवळ उभी राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, "जाणून चुकवशील त या शेतात मी पाय ठेवणार नाही. सांगून ठेवते."

दादा सरळ झाला. काठी पुसली. पुन्हा वाकला, आणि या वेळी खरोखर बघितलं, उतार बघितला, सारवणातली बारीक भेग बघितली. त्याच्या कपाळावर घाम होता. दोन दिवसांत असा घाम त्याला कोणी आणला नव्हता. त्याने मारलं. चेंडू डब्याच्या कडेवर एक वळसा घेऊन आत पडला, टणकन आवाज आला.

"चार," दादा म्हणाला. आवाज इतका बारीक की चोरी करताना सापडल्यासारखा.

बाईने वाकून डब्यातून दोन्ही चेंडू काढले. त्याचा त्याच्या हातात दिला, आपला पदराला पुसला. मी म्हटलं, "बाई, तो धुरा मी आत्ताच छाटून टाकते."

"हात नको लावू त्याले," ती म्हणाली. "आता मले मालूम आहे तो किती उंच आहे." आणि काठी टेकवत पाळीने परत निघाली. आम्ही मागे. झाडाखाली पोचल्यावर तिने आपली पिशवी उचलली, आणि फटका मारायच्या जागेजवळून बाजूला, चुलीपाशी नेऊन टाकली. चुलीवरचा चहा केव्हाच उतू गेला होता. त्याच्याकडे बघायलाही कोणी नव्हतं.

"सरका," बाई म्हणाली. "हरली ती पहिले मारते."