उकिडवं बसता येईल अशी जीन्स

माझी जीन्स वितळून पोटरीला चिकटली तेव्हा मी किंचाळले नाही, शिवी हासडली. अख्ख्या शेडला ऐकू गेली. शेजारच्या बेंचवरच्या भाऊंनी हातातलं वेल्डिंग थांबवलं, तोंडावरचा मास्क वर केला आणि म्हणाले, "ताई, पाणी ओता आधी, शिव्या नंतर." मी बाटली पायावर रिकामी केली. कापड सोडवताना थोडी कातडीही निघाली. तो डाग अजून आहे आणि मी तो लपवत वगैरे नाही.

आमची शेड चाकणला. मोठ्या कंपन्यांना माल ठेवायला, इकडून तिकडे न्यायला ज्या लोखंडी ट्रॉल्या लागतात त्या आम्ही बनवतो. बायका सगळ्या पॅकिंगला. मीही बरीच वर्षं तिथंच होते. टेप लाव, गठ्ठा बांध, लेबल चिकटव, परत टेप लाव. डोक्याला काही काम नाही आणि कंबरेला आराम नाही. मग जेवणाच्या सुट्टीत डबा पटकन संपवून मी वेल्डिंगच्या बाजूला जाऊन उभी राहायला लागले. शेजारच्या बेंचवरचे म्हटले ना, त्याच भाऊंनी एक दिवस हातात वेल्डिंगची गन दिली आणि भंगारातल्या तुकड्यावर रेघ मारायला सांगितलं. पहिली रेघ बघून ते इतके हसले की मला राग आला. म्हटलं, थांबा राव, दाखवतेच. रोज सुट्टीत शिकले. हात बसला. शेवटी सुपरवायझरने मला ट्रायलवर बेंच दिला, आमच्या शेडमध्ये बाईला मिळालेला पहिला. मला तो बेंच हवा होता. उगाच आढेवेढे घेत सांगणार नाही, खूप हवा होता.

आता कंपनी शर्ट देते, बूट देते, हातमोजे देते, पुढं बांधायला चामड्याचा एप्रन देते. पॅन्ट मात्र ज्याची त्याने आणायची. पुरुषांचं काय, घरातली जुनी जाड जीन्स चढवली की झालं. माझ्याकडे होती ती बायकांची, ताणली जाणारी, अंगाला मऊ. ताणतं ते कापड म्हणजे अर्धं प्लास्टिकच. ट्रॉलीचे खालचे जोड उकिडवं बसून मारावे लागतात, तेव्हा एप्रन बाजूला सरकतो आणि ठिणग्या मागून पोटरीवर येतात. सुती कापडाला भोक पडतं आणि ठिणगी विझते. माझं कापड वितळलं आणि कातडीला धरून बसलं.

सुपरवायझर आले, पायाकडे बघितलं, चुकचुकले. म्हणाले, "ताई, सोमवारी जाड, पूर्ण सुती पॅन्ट घालून या. नसेल तर पॅकिंगला परत जा. उद्या काही झालं तर मला जबाब द्यावा लागतो."

इथवर ठीक होतं, माणूस बरोबर बोलत होता. पण जाता जाता म्हणाले, "तसंही बायकांच्या मापात असल्या पॅन्ट मिळत नाहीत हो."

झालं, माझं डोकंच फिरलं. म्हणजे माझा हात चांगला, रेघ सरळ, आणि बेंच जाणार कशामुळे तर माझी कंबर आणि मांड्या दुकानदारांच्या हिशोबात बसत नाहीत म्हणून! पोटरी जळत होती त्याहून जास्त हे जळालं. मी म्हटलं, "सर, सोमवारी बघा."

रविवारी सकाळी पिंपरी कॅम्पात गेले. पहिल्या दुकानात बायकांच्या विभागात ढीगभर जीन्स, आणि सगळ्या ताणल्या जाणाऱ्या. खिसे इतके उथळ की मोबाइल डोकं बाहेर काढून बसतो. मी विचारलं, "पूर्ण सुती आहे का?" विकणारा म्हणाला, "शंभर टक्के कॉटन, ताई. डोळे झाकून घ्या." मी डोळे उघडेच ठेवले. आतल्या शिलाईतून कापडाचा एक दोरा उपसला आणि पिशवीतून काडेपेटी काढून पेटवला. सासूबाई ब्लाउजपीस घेताना असंच करतात, त्यांच्याबरोबर बाजारात जायची मला म्हणूनच लाज वाटायची. दोरा आक्रसला आणि टोकाला काळा, कडक मणी झाला.

"ओ ताई! दुकान पेटवता का काय?"

"पेटलं असतं तर घेतली असती," मी म्हटलं. "हे तर वितळलं."

तिथून निघाले ती पुरुषांच्या दुकानात. दोरा चांगला जळला, राख झाली, जळक्या कागदाचा वास आला. म्हटलं, चला, निम्मं काम झालं. पॅन्ट घालून बघितली. कंबरेला दोन माणसं मावतील आणि मांडीला श्वास घ्यायला जागा नाही. तरी बाहेर आले आणि दुकानाच्या मधोमध उकिडवी बसले. बसल्याशिवाय कळणार कसं? माझं अर्धं काम तसं बसूनच चालतं. टर्रकन आवाज झाला. एक नवरा-बायको शर्ट बघत होते, ते बघतच राहिले. दुकानदार धावत आला.

"ताई, फाडलीत ना! आता घ्यावी लागेल ही."

"ज्या पॅन्टमध्ये माणसाला खाली बसता येत नाही ती विकता कशाला? पुरुष काय जन्मभर उभेच असतात?"

त्या शर्टवाल्या बाईला हसू आवरेना. ती नवऱ्याला म्हणाली, "बघा, अशी घ्यायची असते पॅन्ट. तुम्ही नुसते आरशात बघता." दुकानदाराने शिलाई बघितली, ती मुळातच कच्ची होती, दोन टाके घालून चार सोडलेले. म्हणाला, "राहू द्या, ताई." मीही मग फार ताणलं नाही, माझे कपडे घालून बाहेर पडले.

दुपार झाली. आणखी दोन-तीन दुकानं झाली, तीच रड. ऊन मी म्हणत होतं, पोटरीवरची पट्टी घामाने सुटली होती आणि मनात यायला लागलं की सुपरवायझर बरोबरच बोलले असतील तर? ते नुसतं मनात आलं त्याचाही मला राग आला. रस्त्याच्या कडेला एका हातगाडीवर जीन्सचा डोंगर दिसला. परदेशी जायचा माल, काहीतरी खोट निघाली म्हणून परत आलेला. कुणाचं बटण वाकडं, कुणाचे दोन खिसे वेगवेगळ्या रंगाचे. मी ढिगात हात घातला आणि तळातून एक ओढली. इतकी जाड आणि ताठ, की जमिनीवर ठेवली असती तर एकटी उभी राहिली असती. दोरा जाळला, राख झाली. सलवारवरूनच चढवली आणि भर रस्त्यात उकिडवी बसले. उठले. परत बसले. शिलाई ढिम्म हलली नाही. गाडीवाला म्हणाला, "ताई, व्यायाम झाला असेल तर बोला, किती देऊ?" दोन घेतल्या. दुकानातल्या एकीच्या पैशात दोन्ही आल्या.

कंबर मात्र बेफाम मोठी होती. घरी, म्हणजे दापोडीला आल्या आल्या विहाराच्या मागच्या गल्लीत शिवणकाम करणाऱ्या मावशींकडे गेले. मावशींनी कापड बोटात धरून बघितलं आणि म्हणाल्या, "हे काय आणलंस गं, ताडपत्री?" एका पॅन्टची कंबर मागून धरून आत घेतली, तेवढ्यात त्यांच्या दोन सुया मोडल्या. खालची लांबी राहिली. "लांबी आता परवा. माझी सुई आणि मी, दोघी दमलो," म्हणाल्या. मी म्हटलं, राहू दे, खालून दुमडून घेईन. आयुष्यभर तेच तर केलंय. बायका लांब पॅन्ट कापत नाहीत, दुमडतात.

घरी सासूबाईंनी ती जीन्स हातात घेऊन वजन केल्यासारखी वरखाली केली. सासरे हयात असताना पिंपरीतल्या कंपनीत होते, त्यांचे तेलकट कपडे सासूबाईंनी उभा जन्म धुतले. "ही धुवायची कशी? बादलीत बुडणार न्हाई," एवढंच म्हणाल्या आणि दुसरीचा दोरा माझ्यासमोर स्वतः जाळून बघितला. माझ्यावर विश्वास नव्हता, असं नाही. त्यांना बघायचंच होतं.

सोमवारी कंपनीच्या बसने गेले. आम्हा बायकांची रीत अशी, की घरून पंजाबी ड्रेस घालून यायचं, कंपनीत कपडे बदलायचे आणि जाताना परत ड्रेस घालून बसमध्ये चढायचं. कामाच्या कपड्यात गल्लीत कुणी जात नाही. पुरुष जातात, आम्ही नाही. तर मी जीन्स चढवली, खालून दोन दुमडी मारल्या आणि बेंचवर आले. सुपरवायझरांनी वरपासून खालपर्यंत बघितलं, कापड चिमटीत धरून बघितलं आणि मान हलवली. "घ्या, ट्रॉली लावा," म्हणाले. म्हणजे माझी स्वतःची पहिली ट्रॉली, सगळे जोड माझे.

वरचे जोड झाले. खालच्या जोडांना उकिडवी बसले. एक झाला, दुसरा झाला, पोटरीवर ठिणग्या टपटप पडत होत्या आणि मला काहीसुद्धा लागत नव्हतं. मनात म्हटलं, बघ म्हणावं, मिळाली की नाही मापात! आणि तेवढ्यात जळका वास आला. खाली बघते तर घोट्यापासून धूर. दुमड! दुमडीची वाटी झाली होती, तिच्यात ठिणग्या साठल्या होत्या आणि आतल्या आत सुती कापड धुमसत होतं. मी पाय आपटायला लागले. भाऊंनी हातमोज्याने चापट्या मारून विझवलं. लांबून सुपरवायझर येताना दिसले. मला कळलं, आता ते तोंड उघडणार, आणि ते काय बोलणार तेही कळलं.

मी पत्रा कापायची कात्री उचलली. नवी कोरी पॅन्ट, कालची अख्खी पायपीट, मावशींच्या दोन सुया, सगळं डोळ्यांसमोर आलं. तरी पाय बाकावर ठेवला आणि दुमड खचाखच कापून टाकली. मग दुसऱ्या पायाची. वाकडीतिकडी, एकीकडे आखूड, एकीकडे लांब. कापलेले तुकडे पाण्याच्या बादलीत टाकले आणि मास्क खाली ओढून परत बसले. सुपरवायझर माझ्या मागे उभे होते, हे मला त्यांच्या बुटांवरून कळत होतं. मी शेवटचा जोड मारला.

आमच्या शेडमध्ये एक पद्धत आहे. नव्या वेल्डरच्या पहिल्या ट्रॉलीवर लोखंडाचे ठोकळे रचतात, त्यावर त्या वेल्डरलाच उभं करतात आणि बाकीचे ती ट्रॉली शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ढकलत नेतात, खड्डा आला तर मुद्दाम खड्ड्यातून. जोड सुटला तर तूच पड, असा सरळ हिशोब. मला वाटलं होतं, बाई म्हणून मला सोडतील. भाऊ म्हणाले, "चला ताई, चढा." मला सोडलं नाही याचा इतका आनंद झाला की काय सांगू!

चढले. ढकलायला लागले तसा शेडभर खडखडाट सुरू झाला. दाराजवळच्या खड्ड्यात चाक आपटलं, माझे दात एकमेकांवर आपटले, जोड हलला नाही. पॅकिंगचा विभाग आला. माझ्या सगळ्या जुन्या मैत्रिणी हातातली टेप तशीच सोडून उभ्या राहिल्या. एक जण ओरडली, "अगं, पाय तरी झाक, पॅन्ट बघ कशी झालीय!" मी कमरेवर हात ठेवले. म्हटलं, बघा बघा, नीट बघून घ्या. टोकाला सुपरवायझरांनी हातोडा घेऊन एकेक जोड वाजवला. सगळे वाजवून झाल्यावर म्हणाले, "बेंच तुमचा. आणि उद्या पॅन्टला नीट टीप मारून या, ताई."

त्या संध्याकाळी मी ड्रेस पिशवीतच ठेवला. कुणी सांगितलं नव्हतं, ठरवलंही नव्हतं, नुसता हात गेला नाही. बसमध्ये बायका हसत होत्या, मीही हसत होते. नाशिक फाट्याला उतरले, रिक्षा केली आणि दापोडीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी उतरून चालत आत गेले. काजळीने काळी झालेली, भोकं पडलेली, खाली उंदराने कुरतडल्यासारखी जीन्स. दारात सासूबाई शेजारच्या काकूंबरोबर लसूण सोलत बसल्या होत्या.

काकू घाबरून उठल्या. "अगं बाई! पडलीस का कुठं? गाडीबिडी लागली का?"

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई बोलल्या, लसणावरची नजरही न उचलता. "पडंल कशाला? वेल्डर हाय ती."

गल्लीत पुढं दोन घरांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यांदा बोलल्या. मग मला खाली बसवलं, गुडघ्यावरच्या भोकातून बोट घालून बघितलं, आत कातडी शाबूत आहे याची खात्री केली. मी म्हटलं, "आई, ही भोकं मावशींकडून रफू करून आणते."

"काही नको," त्या म्हणाल्या. "ह्यांच्या पॅन्टला पण अशीच असायची. मी कधी शिवली न्हाईत. लोकांना दिसू दे, ह्या घरात काम कोण करतंय ते."