शमीमआपांनी चहाचं झाड पाहिलं

हावड्याकडे जाणारी गाडी अकोल्याहून सुटली तेव्हा फलाट नुसता तापला होता. शमीमआपा खिडकीतून धाकट्या भावाला ओरडून सांगत होत्या, "आसामच्या डब्यात दार्जिलिंग मिसळू नोको रे बाबा!"

अकोल्याच्या जुन्या शहरात आपांचं सुट्या चहाचं दुकान आहे. नवरा गेल्यापासून त्या एकट्याच ते सांभाळतात. मी जवळच्याच शाळेतली, आता निवृत्त झालेली भूगोलाची बाई. 'चहाला उताराची जमीन आणि भरपूर पाऊस लागतो,' हे मी जन्मभर फळ्यावर लिहिलं. एकदा आपा म्हणाल्या, "बाई, आपन दोघीबी थापा मारून राहिलो. मी चाय विकतो, तुमी शिकवता. झाड पाह्यलं कोनं?" त्याच आठवड्यात आम्ही तिकिटं काढली.

हावड्याला गाडी बदलून न्यू जलपाईगुडीला उतरलो आणि दार्जिलिंगच्या वाटेवरल्या कर्सियांगच्या जीपमध्ये कोंबल्या गेलो. माझ्या मांडीवर एका अनोळखी आजोबांची कोबीची पिशवी होती. आपा डोळे मिटून लिंबू चोखत होत्या. एका वळणावर चालक म्हणाला, "वो देखिए, चायबागान!"

आपांनी डोळे उघडले. हिरवे उतार पार दरीपर्यंत गेले होते. मी कोबीची पिशवी सावरत खिडकीबाहेर वाकले. आपा मात्र खट्टू झाल्या.

"हे? हे तं कुंपनाचं झुडूप हाय! मले वाटलं, निंबाएवढं झाड असन."

दुसऱ्या दिवशी एका बागेच्या कारखान्यात टाय लावलेल्या गृहस्थांनी आमच्यापुढे पांढऱ्या वाट्या मांडल्या. चमचाभर चहा त्यांनी असा काही सुर्रकन ओढला, की आपा दचकल्या. मग आपांनी साखर मागितली. गृहस्थांचा चेहरा पडला.

"मॅडम, चीनी से चाय मर जाती है।"

"हमारे यहाँ तो चीनी से ही जिंदा होती है, भैया," आपा म्हणाल्या. तरीही सगळ्यात उंची चहाची लहान पुडी त्यांनी घेतलीच.

तिथून बाहेर पडलो. पुडी पर्समध्ये टाकून आपा पानं खुडणाऱ्या बायका बघायला उतारावर उतरल्या. मी फोटो काढत मागे राहिले, आणि बघता बघता धुकं आलं. हातभर अंतरावरचं दिसेना. आपांचे गुडघे अधू, त्यांचा फोन माझ्याजवळ. "आपा! आपा!" मी ओरडत सुटले. उत्तर नाही. त्यांच्या भावाला काय तोंड दाखवणार? उतारावर माझा पाय घसरला आणि मी चिखलात जाऊन बसले. तेवढ्यात खालून आवाज आला, "अवो बाई! तिकडून नोका येऊ, नाली हाय तिथं!"

"नालीतच हाय मी!" मी ओरडले. एरवी माझी भाषा पुस्तकी. त्या दिवशी तीही घसरली.

एका बाईने मला हात देऊन बाहेर काढलं. तिचं नाव बिनिता. तिच्या पाठीवर डोको (कपाळाला पट्टा अडकवून वाहायची बांबूची टोपली) होता. दगडावर बसून राहिलेल्या आपा तिलाच सापडल्या होत्या. ती आम्हाला जवळच्या आपल्या पत्र्याच्या घरी घेऊन गेली आणि नुन चिया (मीठ घातलेला कोरा चहा) दिला.

आपांनी घोट घेतला. "यही बाग की है?"

बिनिता हसली. "नहीं दिदी, ये मोटीवाली सस्ती पत्ती है। हम जो तोड़ते हैं, वो तो बाहर जाती है। बीस साल से तोड़ती हूँ, पी नहीं कभी।"

आपांनी कप खाली ठेवला. मग त्यांनी पर्समधली पुडी काढून फोडली. टायवाल्यांनी सांगितल्याबरहुकूम, दूध-साखर न घालता बिनिताने तो चहा केला. तिघींनी घोट घेतला. तिघींनी एकमेकींच्या कपात डोकावून पाहिलं.

"इतनी फीकी?" बिनिताने विचारलं, आणि आम्ही तिघी डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसलो. मग आपांनी पदर खोचला. दूध, साखर, ठेचलेलं आलं घालून त्या उंची चहाला त्यांनी तीन उकळ्या आणल्या. बिनिताने दोनदा मागून घेतला.

धुकं विरल्यावर तिने आपांचा हात धरून त्यांना झुडपाशी उभं केलं आणि वरची दोन पानं नि कोंब कसा खुडायचा ते दाखवलं. खुडलेला कोंब हुंगून आपा म्हणाल्या, "गवताचा वास येऊन राह्यला." थोड्या वेळाने हळूच म्हणाल्या, "आमचे हे गिऱ्हाईकाले असं सांगत, जसे कालच बागेतून आले. त्यायनंबी नव्हतं पाह्यलं." मग त्या बराच वेळ तिथेच उभ्या राहिल्या. मीही घाई केली नाही.

आता अकोल्यात येऊन दोन महिने झाले. आपांची हिंदी वऱ्हाडी, बिनिताची नेपाळी. तरी दोघी फोनवर अर्धा अर्धा तास बोलतात, बहुतेक गुडघ्यांबद्दल. त्या डोंगरांतल्या पावसाच्या, दरडींच्या बातम्या मी पूर्वीही वाचायचे आणि पान उलटायचे. परवा तशी बातमी आली. मी चप्पल घालून दुकानात पोचले, तर आपा गिऱ्हाइकाला थांबवून फोन कानाशी धरून उभ्या होत्या. मला पाहून त्यांनी हाताने थांबायची खूण केली, आणि मग म्हणाल्या, "घरीच हाय. बरी हाय."

मी स्टुलावर बसले. घरून निघाल्यापासून तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.